नदीला काठ असतो म्हणून

५ सप्टेंबर २०११ रोजी इंग्लंडमधल्या लेचलेड या लहानशा गावी डेव्हिड वॉलियम्स हा विनोदी नट थेम्स नदीत उतरला आणि आठव्या दिवशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाशी बाहेर आला. अंतर १४० मैल, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर. दिवसाला सरासरी २८ किलोमीटर. ‘स्पोर्ट रिलीफ’ या मदतनिधीसाठी तो पोहत होता आणि तो वेस्टमिन्स्टरला पोहोचला तेव्हा १० लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली होती.

हाच वॉलियम्स २००६ मध्ये १० तास ३४ मिनिटांत इंग्लिश खाडी पोहून गेला होता. तेव्हाही त्याने १० लाख पौंडांचा पल्ला ओलांडला होता. खाडीचं नाव मोठं, मान मोठा. पण खाडीत पोहणाऱ्याला पाहतं कोण? सोबतच्या होडीतली पाच-सात माणसं. थेम्समध्ये चित्र वेगळं होतं. नदीकाठच्या पायवाटेने लोक त्याच्याबरोबर चालत होते, पुलांवर गर्दी करत होते, हाका मारत होते. आज तो कुठवर आला, हे रोज पाहायला मिळत होतं.

मदतीसाठी केलेल्या लांब पल्ल्याच्या नदी-पोहण्याची सगळी ताकद आणि त्यातला सगळ्यात मोठा धोका माझ्या मते एकाच गोष्टीत आहे. नदीला काठ असतो. काठावर माणसं असतात. ती थांबतात, हळहळतात, खिशात हात घालतात. आणि त्याच वस्त्यांचं सांडपाणी त्याच नदीत येत असतं.

आधी पैशाचं पाहू. एवढं अंग झिजवण्यापेक्षा सरळ वर्गणी का मागू नये, असा प्रश्न अनेकांना पडतो. वर्गणीची मागणी मिनिटभरात ऐकून होते आणि तितक्याच लवकर विसरली जाते. आठ दिवस पोहणारा माणूस आठ दिवस डोळ्यांसमोर राहतो. काल तो आजारी होता, आज पुन्हा पाण्यात उतरला. मग आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं काठावरच्याला वाटतं. आषाढी वारीच्या वाटेवरची गावं याहून वेगळं काय करतात? ज्याला पंढरपूरपर्यंत चालणं जमत नाही, तो चालणाऱ्याच्या हातावर भाकरी, केळं, चहाचा पेला ठेवतो. फूल ना फुलाची पाकळी देऊन तो त्या चालण्यात सामील होतो. ब्रिटनमध्ये या भावनेला व्यवस्थेची जोड मिळाली. ‘कॉमिक रिलीफ’ ही संस्था १९८५ मध्ये निघाली आणि खेळांतून पैसा उभा करणारा तिचा ‘स्पोर्ट रिलीफ’ हा उपक्रम २००२ मध्ये सुरू झाला. तिथे ‘गिफ्ट एड’ नावाची सरकारी सोयही आहे. आयकर भरणाऱ्याने नोंदणीकृत संस्थेला १ पौंड दिला, तर सरकार करातून २५ पेन्स त्यात घालतं.

आता पाण्याकडे वळू. नदीत पोहणं सोपं, धारच वाहून नेते, असा समज असतो. तो निम्मा खरा आहे. पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथी नदीत अहिरण घाटापासून बहरमपूरच्या गोराबाजार घाटापर्यंत ८१ किलोमीटरची स्पर्धा होते. जगातल्या सर्वांत लांब जलतरण स्पर्धांमध्ये तिची गणना होते आणि महाराष्ट्रातले जलतरणपटूही तिथे उतरलेले आहेत. पुढचे पोहणारे हे अंतर साधारण बारा तासांच्या आत-बाहेर कापतात. म्हणजे ताशी पावणेसात किलोमीटर. आता ताडून पाहा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटरच्या शर्यतीचा विजेता १ तास ५१ मिनिटं ५१ सेकंदांत पोहोचला. ताशी साडेपाच किलोमीटरही नाही, आणि तेसुद्धा जगातल्या सर्वोत्तम माणसाने दोन तासांच्या आत संपणाऱ्या शर्यतीत. उरलेला वेग भागीरथीचा. पावसाने भरलेली नदी पोहणाऱ्याला अक्षरशः पुढे लोटते.

थेम्सचं तसं नाही. उन्हाळा सरताना तिची धार मंदावते. त्यात लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत चाळीसहून अधिक ठिकाणी बंधारे घालून बोटींसाठी पाणी टप्प्याटप्प्याने अडवलेलं आहे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी गरगर फिरून मागे येतं आणि माणसाला खाली दाबून धरतं, म्हणून तिथे बाहेर पडून काठाने चालत पुढे जायचं आणि पुन्हा उतरायचं. टेडिंग्टनच्या खाली तर नदीचं रूपच बदलतं. तिथपर्यंत समुद्राची भरती चढते. आपल्या कोकणातल्या खाड्यांवरच्या माणसाला हे सांगायला नको. भरतीच्या वेळी पाणी उलटं, वरच्या अंगाला वाहतं आणि कितीही हात मारले तरी समोरचं झाड तिथेच दिसतं. म्हणून लंडनमधून पोहायचं तर ओहोटीची वेळ गाठावी लागते. वॉलियम्सच्या पोहण्यानंतर वर्षभराच्या आत, १ जुलै २०१२ पासून, पटनी पुलापासून खाली क्रॉसनेसपर्यंत परवानगीशिवाय पोहायला लंडन बंदराच्या प्राधिकरणाने बंदी घातली. मोठ्या बोटींची वर्दळ आणि ओहोटीचा जोर पाहता तो निर्णय योग्यच होता.

शरीराचा हिशेब याहून कठोर असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. १६-१७ अंशांची हवा आपल्याला सुखद वाटते. त्याच तापमानाच्या पाण्यात काही तास काढले की शरीर आतून गार पडू लागतं. आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की बोलणं जड होतं, हातांची लय बिघडते आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं काही बिघडलंय हे त्या माणसाला स्वतःला कळत नाही. सोबतच्या होडीतला माणूस मध्येच साधे प्रश्न विचारत राहतो तो याचसाठी. बाहेर आल्यावरही धोका टळत नाही. हातापायांतलं गार रक्त परत आत शिरतं आणि तापमान आणखी थोडं उतरतं. नदीत बहुतेक जण अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख घालतात, वॉलियम्सनेही घातला होता. इंग्लिश खाडीच्या मान्य पोहण्यात मात्र साधा पोशाख, टोपी, चष्मा आणि अंगाला चोपडलेली चरबी एवढ्यावरच भागवावं लागतं.

मिनिटाला ६० हात धरले तर आठ तासांत २८,८०० वेळा खांदा फिरतो. दर अर्ध्या तासाने कोमट, साखरेचं पेय लांब काठीच्या टोकावरून दिलं जातं. काखेत आणि मानेवर कातडी सोलवटते, म्हणून व्हॅसलीनचे थर लावतात. हे सगळं सरावाने सोसता येतं. पोटात गेलेलं पाणी सोसत नाही. दिवसाला सात-आठ तास तोंड पाण्यात असणाऱ्या माणसाच्या पोटात कितीही जपलं तरी काही घोट जातातच. वॉलियम्सला सुरुवातीच्या दिवसांतच ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘थेम्स टमी’ असं गमतीचं नाव दिलं. पण जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस-तीस किलोमीटर पोहणं ही गंमत नव्हती.

थेम्समध्ये मैला मिसळण्याची गोष्ट दीडशे वर्षांहून मागे जाते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचं काम चालवणं अवघड झालं. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने लंडनखाली भव्य गटारांचं जाळं बांधलं. त्या काळाच्या मानाने ते अजोड काम होतं. पण त्या गटारांत पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकत्रच वाहतं. जोराचा पाऊस झाला की गटारं भरतात आणि जादा पाणी, मैल्यासकट, नदीत सोडलं जातं. तशी सोयच मुळात ठेवलेली आहे, नाहीतर ते घराघरांत उलटं शिरेल. हे थांबवण्यासाठी लंडनने नदीच्या तळाखालून २५ किलोमीटर लांब आणि ७ मीटरहून रुंद असा बोगदा खणला. तो पूर्णपणे जोडला गेला २०२५ मध्ये. वॉलियम्स पोहला तेव्हा तो नव्हता.

एका पोहणाऱ्याचं दुखणं ही अपवादाची गोष्ट म्हणून सोडता आली असती. पण पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, थेम्सवरच हॅम्प्टन कोर्टजवळ एक सामुदायिक पोहणी झाली. उतरलेल्या सुमारे ११०० जणांपैकी ३३८ जणांनी नंतर पोट बिघडल्याचं कळवलं. आपल्याकडच्या वाचकांना आणखी एक नाव ओळखीचं आहे, लेप्टो. उंदराच्या मूत्रातून पाण्यात येणारे हे जंतू कातडीवरच्या बारीक जखमेतून आत शिरतात. काखा सोलवटलेला पोहणारा त्यांच्यासाठी उघडं दार असतो. म्हणून पाऊस पडल्यावर किमान दोन दिवस नदीत उतरू नये, जखमा झाकाव्यात, कावीळ आणि धनुर्वाताच्या लसी आधी घ्याव्यात आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘मी नदीत पोहलो होतो’ हे आपणहून सांगावं. हे शेवटचं अनेक जण विसरतात आणि निदानाला उशीर होतो.

या सगळ्या पोहण्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती हॉलंडमधली. बीजिंगची ती १० किलोमीटरची शर्यत जिंकणारा जलतरणपटू म्हणजे मार्टेन व्हान डर वायडेन. १९८१ चा जन्म. २००१ मध्ये, ऐन विशीत, त्याला रक्ताचा कर्करोग झाला. केमोथेरपी, मूलपेशींचं रोपण या सगळ्यांतून तो वाचला, पुन्हा तलावात उतरला आणि सात वर्षांनी त्याने ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. असा माणूस आता इच्छाशक्तीवर भाषणं देणार, असं कुणालाही वाटेल. त्याने उलट सांगितलं. सकारात्मक विचारांनी कर्करोग हरवता येतो ही कल्पना त्याला धोकादायक वाटते; कारण मग जे गेले ते कमी लढले, असा त्याचा अर्थ होतो. मला डॉक्टरांनी वाचवलं आणि माझं नशीब बरं होतं, हे तो मोकळेपणाने सांगत आला आहे. आपल्या घरातलं कुणी या आजाराने गेलं असेल, तर या वाक्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आणि जर डॉक्टरांनी वाचवलं असेल, तर डॉक्टरांच्या संशोधनाला पैसा हवा. म्हणून त्याने फ्रीसलंड प्रांतातल्या अकरा शहरांची वाट निवडली. तिथल्या कालव्यांवर, तळ्यांवर आणि छोट्या नद्यांवर बर्फ पुरेसा जाड गोठला तर जवळजवळ २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते. डच माणसाच्या मनात तिचं स्थान फार मोठं आहे. सगळीकडे निदान १५ सेंटिमीटर बर्फ हवा, म्हणून ती क्वचितच होते. शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ रोजी. त्यानंतर तितका बर्फ सगळीकडे गोठलाच नाही. लोक वाट पाहत राहिलेल्या त्या वाटेवर हा माणूस पोहत निघाला.

ऑगस्ट २०१८ मध्ये तो लेउवार्डन शहरातून पाण्यात उतरला. इथे धार नाही. संथ, गढूळ, हिरवट पाणी. प्रत्येक मीटर स्वतःच्या हातांनी ओढायचा. झोप जवळजवळ नाहीच. काठावर रात्री-अपरात्री माणसं उभी होती, पुलांवर, घरांच्या मागच्या अंगणांत. ५५ तासांनी, १६३ किलोमीटरवर, त्याची प्रकृती इतकी बिघडली की त्याला बाहेर काढावं लागलं. आणि तरीही कर्करोग-संशोधनासाठी ४० लाख युरोंहून अधिक रक्कम जमली.

इथे जरा थांबावंसं वाटतं. पोहणं पुरं झालं नव्हतं. अंतर कापलं की पैसे, असा हा सौदा असता तर लोकांनी हात आखडता घेतला असता. त्यांनी तो आणखी सैल केला. काठावरच्यांनी त्याला ५५ तास पाहिलं होतं. कुठे अडखळला, कधी हात मंदावले, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. देणगीचा अंतराशी तितकासा संबंध नसतो, सोबतीशी असतो, हे मला या आकड्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशानेच कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा उतरला. २१ जून २०१९ ला निघाला आणि २४ जूनला लेउवार्डनला पोहोचला. १९५ किलोमीटर, सुमारे ७४ तास. म्हणजे विश्रांती धरून ताशी जेमतेम २.६ किलोमीटर, आपल्या रमतगमत चालण्याहून सावकाश. ज्याने जगाला दहा किलोमीटरमध्ये मागे टाकलं, तोच इथे काठावरच्या चालणाऱ्यापेक्षा मागे होता. दोन्ही प्रयत्नांतून मिळून एक कोटी युरोंच्या घरात रक्कम उभी राहिली.

काठाचा आणखी एक उपयोग जर्मनीच्या आंद्रेआस फाट यांनी केला. ते फुर्टवांगन विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. २०१४ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या टोमा तळ्यापासून उत्तर समुद्रापर्यंत १२३१ किलोमीटरची ऱ्हाइन नदी पोहून काढली आणि वाटेत पाण्याचे नमुने घेऊन त्यांतलं सूक्ष्म प्लास्टिक आणि रसायनं तपासली. प्रयोगशाळेतला अहवाल सहसा कोण वाचतं? पण प्राध्यापक स्वतःच ते पाणी अंगावर घेत आपल्या गावापाशी आले की लोक विचारतात, पाण्यात काय सापडलं?

हा प्रश्न विचारला गेला की पुढच्या गोष्टी हलतात. इंग्लंडमध्ये २०२० पर्यंत एकाही नदीच्या पट्ट्याला सरकारमान्य स्नानस्थळाचा दर्जा नव्हता. यॉर्कशायरमधल्या इल्कली गावच्या लोकांनी पाठपुरावा करून व्हार्फ नदीच्या एका पट्ट्याला तो मिळवला. दर्जा मिळाला की सरकारला हंगामात नियमित पाणी तपासून निकाल जाहीर करावा लागतो. २०२२ मध्ये ऑक्सफर्डजवळ थेम्सच्या एका फाट्यालाही तो मिळाला. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. ऑलिंपिकच्या निमित्ताने सुमारे १४० कोटी युरो मैलापाणी अडवण्यावर खर्च झाले आणि जुलै २०२५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी नदी खुली झाली.

आपल्याकडे नदीत पोहणं नवं नाही. सुक्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून पोरं डोहात पोहायला शिकायची आणि पुराच्या दिवसांत माणसं त्याच सांगडीवरून नदी पार करायची. आज ‘सांगड घालणे’ एवढाच त्या वस्तूचा मागमूस भाषेत उरला आहे. खेळ आणि मदत यांची सांगडही आपल्याला परकी राहिलेली नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमधून दरवर्षी सामाजिक संस्थांसाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात. धावणाऱ्यांसाठी रस्ते आहेत. पोहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातल्या नद्यांची स्थिती काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले आहेत. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

म्हणून नाशिक, पुणे, सांगली, नांदेड, कुठेही एखाद्या मंडळाला, महाविद्यालयाला, रुग्णालयाच्या मदतीसाठी नदीतली पोहणी भरवावीशी वाटली, तर माझी कळकळीची विनंती आहे. होडी, डॉक्टर, जीवरक्षक आणि परवानग्या यांची जुळवाजुळव कराच, त्यांचा खर्च प्रायोजकांकडून वेगळा घ्या आणि देणगीदाराचा रुपया पूर्ण त्या कामाला जाईल हे पावतीवर लिहा. पण त्याही आधी, निदान दोन महिने, दर आठवड्याला त्या पट्ट्यातल्या पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. स्नानासाठी आपल्या देशात मलजन्य जंतूंची इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरला ५०० आणि कमाल मर्यादा २५०० आहे. जो आकडा येईल तो तारखेसह मोठ्या अक्षरांत घाटावर लावा. आकडा २५०० च्या वर असेल, तर पोहणी पुढे ढकला आणि फलक तसाच राहू द्या.